विकासाचा उतारा किती?

— एक सभासद (निवृत्त शिक्षक)



वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आपणा सर्वांच्या हाती पडली असेलच. विषयपत्रिकेवर नेहमीचेच विषय आहेत. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, ताळेबंद व नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकांची नेमणूक वगैरे. एक विषय मात्र नवा आहे, तो म्हणजे गाळप क्षमता वाढविणे. त्या विषयावर लिहिण्यासाठी मी संपादकांकडे जागा मागितली आणि त्यांनी ती दिली, याबद्दल त्यांचा आभारी आहे. लेख जरा लांबला आहे. मास्तराची सवय, दुसरे काय!

मी अडीच एकरांचा ऊस उत्पादक. आपल्या भागातल्या हायस्कुलात एकतीस वर्षे गणित शिकवले. चिमणीतून धूर निघाला की तुमच्यासारखेच मलाही बरे वाटते. मुलीचे लग्न ऊसबिलावर झाले, मुलाची फी ऊसबिलातूनच गेली. तेव्हा हा लेख कारखान्याच्या विरोधात आहे, असे कृपा करून कोणी समजू नये.

आपण 'कारखान्याची प्रगती' म्हणतो ती कशावरून ठरवतो? गाळप किती टन झाले, उतारा किती लागला, टनाला भाव काय मिळाला. हे तीन आकडे बरे आले की सभेत टाळ्या. आणि का नसाव्यात? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवून दिली. त्या उताऱ्याच्या वर प्रत्येक टिपक्याला पैसा आहे. म्हणून गव्हाणीत मोळी पडल्यापासून पोते शिवेपर्यंत आपली लॅबोरेटरी रसाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवते. बगॅसमधून किती साखर गेली, मळीतून किती गेली, सगळे कागदावर असते. पण त्या रसासाठी जमिनीतून पाणी किती उपसले, आणि तोडणीला आलेल्या लेकरांच्या शाळेचे किती महिने गेले, याचा कागद कुठल्याच खात्यात नाही. मी विचारून पाहिले. "गुरुजी, असलं रजिस्टर नसतंय," असे एका जुन्या क्लार्कने हसत सांगितले.

ते रजिस्टर आपणच थोडे मांडून पाहू. फळ्यावरचे साधे गणित आहे.

सुरू उसाला पाटाने पाणी दिले तर लावणीपासून तोडणीपर्यंत पाऊस धरून सुमारे अडीच मीटर पाणी लागते. आडसालीला त्याहून जास्त. अडीच मीटर म्हणजे पुरुषभर उंचीच्याही वर. एका एकरात ४,०४७ चौरस मीटर. गुणाकार केला की दहा हजार घनमीटर, म्हणजेच एक कोटी लिटर. त्यातून साठ-एक सेंटिमीटर पाऊस वजा टाकू. तरी पंचाहत्तर लाख लिटर पाणी विहिरीतून, बोअरमधून नाहीतर पाटातून द्यावे लागते. आता दुसरे गणित. सरकारच्या जलजीवन मिशनने खेड्यात माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला वर्षाला एक लाख लिटर झाले. म्हणजे एका एकर उसाला पंचाहत्तर घरांचे वर्षाचे पाणी! एकरी चाळीस टन आणि अकरा टक्के उतारा धरला, तर एका किलो साखरेमागे पावसासकट सव्वादोन हजार लिटर पाणी पडते. माझ्या अडीच एकरांत १८७ घरांचे पाणी मुरते. आपल्या वरच्या अंगाला ज्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर जातो, तिथे एवढी घरेही नाहीत.

हे गणित मी प्रथम वहीत मांडले तेव्हा दोनदा तपासले. चूक सापडेल अशी आशा होती.

केंद्राचा कृषी खर्च व किंमत आयोग हा काही उसाचा शत्रू नव्हे, तोच आपल्या एफ.आर.पी.ची शिफारस करतो. त्याच आयोगाने आपल्या अहवालात लिहिले आहे की महाराष्ट्रात पिकाखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी जमीन उसाखाली आहे आणि तो सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो. आकड्यात थोडे इकडेतिकडे असेल, त्यावर तज्ज्ञांनी भांडावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी न्यावे लागले, ही गोष्ट तर आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिली. लातूरच्या आसपास काय कारखाने नव्हते? होते, आणि उसाचे फडही होते.

आमच्या पिढीला दुष्काळ सांगावा लागत नाही. १९७२ साली मी तेरा वर्षांचा होतो. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची आणि मी सुकडीच्या रांगेत उभा राहायचो. मिलोच्या लाल भाकरीची चव अजून जिभेवर आहे. त्याच दुष्काळात पुण्याचे एक इंजिनियर, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात फिरत होते. सरकार लाखो माणसांना खडी फोडायला लावते, पण त्या कामातून पुढच्या वर्षीचे पाणी का उभे राहत नाही, हा प्रश्न त्यांना पडला. नायगावला देवस्थानची चाळीस एकर पडीक माळजमीन घेऊन त्यांनी पाणी अडवले, जिरवले, आणि पुढे 'पाणी पंचायत' उभी केली. पाणी अडवणारे पुष्कळ झाले, पण साळुंखे यांचे मोठेपण वाटपाच्या नियमात आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळायचे नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळायचे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा. आणि शेवटची अट : ऊस लावायचा नाही.

ही अट वाचून आपल्यातले बरेच जण पान उलटतील, हे मला ठाऊक आहे. मीही उसाचाच माणूस. सगळा ऊस उपटा, असे मी म्हणत नाही आणि तसे म्हणून कोणी उपटणारही नाही. ऊस हे आपले एकच पीक आहे ज्याला ठरलेला भाव आहे आणि घ्यायला बांधील गिऱ्हाईक आहे. कांद्याचे काय होते, टोमॅटोचे काय होते, हे आपण दरसाल पाहतो. शेतकरी उसाकडे हौसेने वळलेला नाही. बाकीच्या पिकांत मार खाल्ला म्हणून वळलेला आहे. तूर-हरभऱ्याला, ज्वारीला उसासारखी खात्रीची खरेदी मिळाली असती तर माझ्या अडीच एकरांतला एक एकर केव्हाच मोकळा झाला असता. हा दोष सरकारच्या धोरणाचा आहे आणि तो तिथेच टाकला पाहिजे.

पण नायगावचा जो प्रश्न आहे, पाणी जमिनीचे की माणसांचे, त्याचे उत्तर आपण सहकारी म्हणवणाऱ्यांनी द्यायला नको का? आपल्या कारखान्यात शेअर दहा असोत की एक, मत एकच. सहकाराचा पायाच तो. विहिरीवर मात्र ज्याची मोटार मोठी त्याचे मत मोठे. जे. सी. कुमारप्पा या गांधीवादी अर्थशास्त्रज्ञाने तुरुंगात असताना एक पुस्तक लिहिले, ते १९४५ चे. निसर्गात जगण्याच्या पाच तऱ्हा आहेत असे त्यांनी मांडले. बांडगुळासारखी दुसऱ्याच्या जिवावर, माकडासारखी दुसऱ्याच्या बागेत शिरून, पाखरासारखी आपल्या कष्टाने, मधमाशीसारखी सर्वांनी मिळून, आणि आईसारखी परतफेड न मागता. आपला कारखाना मधमाशीचे मोहोळ आहे, यात शंका नाही. पण माझे बोअर सहाशे फुटांवर गेले आणि शेजारच्या जिरायतदाराची विहीर कोरडी पडली, तेव्हा मी कोणत्या तऱ्हेत बसलो?

ठिबक हा त्यावर उपाय आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. २०१७ साली राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय केला तेव्हा मीही कर्ज काढून बसवले. पाणी खूपच वाचते, ताण बसत नाही, खतही मुळाशी जाते. पण खरे सांगतो, वाचलेल्या पाण्यावर मी काय केले? पूर्वी दोन एकर ऊस होता, तो अडीच एकर केला. बोअर तेवढेच चालले. आपल्या गटात पाच-सहा जणांनी असेच केले. यंत्राने पाणी वाचते, पण वाचलेले पाणी कोणाचे, हे यंत्र ठरवत नाही.

दुसरे टोक अति पाण्याचे. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडे पाणी आणि खत दोन्ही ओतून जमिनी चोपण झाल्या. वर पांढरी पापडी, खाली पाणी साठलेले. आजोबांच्या वेळी सोने पिकवणाऱ्या वावरात आज गवत धड येत नाही. शिरोळच्या दत्त कारखान्याने पुढाकार घेऊन अशा जमिनीत सच्छिद्र पाइपांचा निचरा घालण्याचे काम शेतकऱ्यांना बरोबर घेऊन केले, ते आपल्या संचालक मंडळाने एकदा जाऊन पाहण्यासारखे आहे. कारखाना ऊस गाळण्याखेरीज जमीनही सांभाळू शकतो, एवढे त्यावरून दिसते.

आता दुसऱ्या रजिस्टराकडे येतो.

गेल्या हंगामात माझ्या फडात टोळी आली, बीडकडची. तोडणीच्या दुसऱ्या दिवशी बांधावर बसलो होतो. दहा-एक वर्षांची एक मुलगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन मोळ्या मोजत होती. तिला विचारले, "किती झाल्या?" आकडा सांगितला आणि वर म्हणाली, "आजची गाडी दोन टनाच्या जरा आत भरंल." काट्यावर वजन झाले तेव्हा फरक निघाला वीस-पंचवीस किलोंचा. मी एकतीस वर्षे गणित शिकवलेला माणूस. असा अंदाज बांधणारी मुले माझ्या वर्गात बोटावर मोजण्याइतकी झाली. ती गावी चौथीत होती. दिवाळीनंतर शाळा सुटली, ती पाडव्याच्या आसपास परत गावी जाईपर्यंत. तिच्या बापाला म्हटले, पोरीला मागे का नाही ठेवली? तो म्हणाला, "कुणापाशी ठिवू गुरुजी? म्हातारं बी कोपीवरच हाय. आन् उचल फिटल्याबिगर आम्हाला तरी कोण सोडतंय?"

एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तिसरे ते लेकरू, ते हिशेबात नसते. एक खाडा झाला की पैसे कापले जातात. त्या खाड्याच्या भीतीने बायकांनी काय काय सोसले हे २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचले. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी सरकारने केली, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यावर मी जास्त लिहीत नाही. आपण साखर खातो, एवढेच लक्षात ठेवतो.

काहीच झाले नाही असे नाही. काही संस्थांनी कोप्यांवर साखरशाळा चालविल्या. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. हे सगळे चांगलेच. पण वसतिगृह तिकडे आणि लेकरू इकडे आपल्या फडात, तोवर ते लेकरू आपलेच. आपल्या कारखान्याच्या आवारापासून आपले हायस्कूल हाकेच्या अंतरावर आहे. पाच महिने ही मुले त्याच्या कुंपणाबाहेर खेळतात. मी एकतीस वर्षे आत होतो आणि एकदाही फाटकाबाहेर येऊन त्यांना आत या म्हटले नाही. हायस्कुलात कोणी मला तसे करू नका असेही म्हटले नव्हते.

आणि आत आम्ही काय शिकवीत होतो? एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामा करतो, तर हौद किती वेळात भरेल? हे उदाहरण मी किमान शंभर वेळा फळ्यावर सोडवले असेल. बाहेर साऱ्या गावाचा हौद रिकामा होत होता आणि एकाही वर्गाला मी विहिरीवर नेऊन पाण्याची पातळी मोजायला लावली नाही. हुशार मुलगा म्हणजे जो पुण्याला गेला तो. जो शेतीवर राहिला तो मागे पडला, असेच आम्ही धरले. एका मुलाला मी तोंडावर म्हटले होते, "नांगरच धरायचा होता तर शिकलास कशाला?" तो आज आपला सभासद आहे. त्याचे एकरी उत्पादन माझ्यापेक्षा जास्त आहे आणि पाणी तो मीटर लावून देतो. सभेत भेटला की पाया पडतो, तेव्हा माझीच मान खाली जाते.

हे नवे दुखणे नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाकडे, हे त्यांनी तेव्हा स्पष्ट सांगितले. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे अशीही त्यांची मागणी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पोरांना कष्ट करत शिकवले. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला हाताच्या कामातून शिकवण्याची 'नई तालीम' मांडली. आणि १९८३ मध्ये डॉ. कलबाग नावाचे शास्त्रज्ञ पुणे जिल्ह्यात पाबळला येऊन राहिले, विज्ञान आश्रम काढला. तिथल्या शाळेतली मुले माती तपासतात, वेल्डिंग करतात, सिमेंटच्या टाक्या बांधतात, गावाला लागणारी कामे करून देतात आणि त्यातूनच विज्ञान शिकतात. दहावी नापास झालेली मुले तिथून उद्योग घालून बाहेर पडली. पाबळ आपल्यापासून फार लांब नाही. आपल्या सहली मात्र महाबळेश्वरला जातात.

आता मूळ विषय, गाळप क्षमता. मागणीमागे कारण आहे, ते नाकारून चालणार नाही. तोडणीची पाळी लांबली की सभासदाच्या जिवाला घोर लागतो. मे २०२२ मध्ये मराठवाड्यात ऊस फडात उभा राहिला, तुरे आले, वजन घटले, लोक रडकुंडीला आले. असे पुन्हा कोणावर येऊ नये. पण यंत्र मोठे केले की तेवढाच ऊस लवकर संपतो. हंगाम आखूड होतो, कामगाराचे दिवस कमी होतात, कर्जाचे व्याज मात्र बारा महिने चालते. मग त्या यंत्राचे पोट भरायला ऊस वाढवा, अशी हाळी येणार. तो कुठे वाढणार? पाटाच्या खाली जागा उरली नाही. वरच्या जिरायत गावांतच वाढणार, सहाशे फुटांचे बोअर आठशेवर नेऊन. आपण आज यंत्राला मत देऊ, त्याचे पाणी दहा वर्षांनी त्या गावातली माणसे देतील, आणि ती सभेत नसतील.

राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत अमेरिकेत सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ साली बसवून दिली. लोकांचे भले किती झाले ते या आकड्यावरून कळत नाही, हे त्याच अहवालात त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते. आकडा सगळ्या जगाने उचलला, इशारा राहून गेला. आपल्या प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू केला तेव्हा अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ चेअरमन झाले. शेतकरी आणि शास्त्रज्ञ एका बाकावर बसून जे काढले त्याला लोक तेव्हाही वेडेपणा म्हणत होते. मोजमाप बदलायचे ठरवले तर सहकाराला ते नवे नाही.

म्हणून मी एक ठराव लेखी दिला आहे. क्षमतावाढीचा विषय एक वर्ष पुढे ढकलावा. या वर्षात कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक गावच्या पाच विहिरींची पातळी दर महिन्याला मोजावी, आणि ती मोजणी हायस्कूलच्या आठवी-नववीच्या मुलांनी करावी. आकडे काट्याजवळच्या फळ्यावर उताऱ्याच्या शेजारी लिहावेत. पुढच्या सभेत पाण्याचा ताळेबंद आधी वाचावा, मगच यंत्राचा विषय घ्यावा. येत्या हंगामात पहिली मोळी टाकण्याआधी तोडणी कामगारांच्या मुलांची यादी करून त्यांना हायस्कूलच्या आवारात शाळा, दुपारचे जेवण आणि धाकट्यांसाठी पाळणाघर द्यावे. खर्चासाठी ऊसबिलातून टनामागे दोन रुपये कपात करावी. शंभर टन घालणाऱ्याला दोनशे रुपये पडतील. माझ्या शंभर टनांची कपात मी आधीच लिहून दिली आहे.

ठराव कार्यालयाने दाखल करून घेतला. सूचक म्हणून खाली माझी सही आहे. अनुमोदकाची जागा अजून मोकळी आहे. कागद सेक्रेटरींच्या टेबलावर आहे, सभेच्या आधी आठ दिवसांपर्यंत सही करता येते.